व्हर्नाच्या वडिलांचा चांदीचा डॉलर

३ मार्च
आजपासून मी नाणेतज्ज्ञ. पुस्तक आलं, भिंग आलं. टीव्हीवर बघून स्मारक डॉलरांचा अख्खा संच मागवला. मखमली डबी, प्रमाणपत्र, वर सोन्याचा मुलामा. बायको म्हणाली, लाइल, बँकेत एकेकाचा एकच डॉलर देतील. व्हर्नाला यातलं काय कळतंय!

९ मार्च, दुपारी
देशाच्या पार दुसऱ्या टोकाच्या मेन राज्यातून लेकीचा फोन. मुलगी झाली. व्हर्ना आनंदाने रडली. विमानाचे पैसे तूर्त संचात अडकलेत. मग तिने कपाटातून वडिलांचा चांदीचा डॉलर काढला. म्हणाली, हा विकू आणि दोघं बाळाला बघून येऊ. सासरे इथेच आमच्या एल्को गावात कॅसिनोत पत्ते वाटायचे, तिथेच कुणीतरी बक्षीस दिलेला. साल १८८९. मागे गरुडाखाली बारीक दोन ‘सी’ अक्षरं. म्हणजे कार्सन सिटीची टांकसाळ. म्हणजे दुर्मिळ! मी एका नजरेत ओळखलं (पुस्तकात होतं). मंगळवारी नाणेसंग्राहकांच्या क्लबात किंमत करून आणतो म्हणालो. व्हर्ना म्हणाली, आहे तसा ने, काही उद्योग करू नकोस.

१५ मार्च
नाणं काळंकुट्ट. आयुष्यभर जुन्या गाड्या विकल्या, पण न धुता एकही गिऱ्हाइकापुढे उभी केली नाही. टूथपेस्ट, जुना ब्रश. स्वातंत्र्यदेवीच्या गालावरचा डाग हटेना. शेवटी भांड्यांची तारेची घासणी. आता काय चमकतंय! व्हर्नाला सरप्राइज.

१७ मार्च, रात्री
चर्चच्या तळघरात क्लब. किंमत करणारे डॉक्टर पेट्री निवृत्त दंतवैद्य, टूथपेस्ट ऐकून तरी खूश होतील असं वाटलं होतं. त्यांनी नाणं हातात घेतलं आणि सगळ्यांना हाक मारली. म्हणाले, या रे, बघा, भरदिवसा खून. लोक डोनट खाता खाता हसले. विमानाच्या तिकिटांचं सांगितलं, तर म्हणाले, जुनं नाणं कुणी घासतं का, माणसा? तसाच आणला असतास तर सगळं खानदान विमानाने गेलं असतं. आता ओरखडे विकत बस.
मत्सर. दुसरं काय.

१८ मार्च
व्हर्नाला सांगितलं, सध्या बाजार पडलाय. तिने नाणं बघितलं. त्यावरून कितीतरी वेळ अंगठा फिरवत राहिली. म्हणाली, बाबा हेच हातात धरून गेले रे.  भांडण नाही, आदळआपट नाही. तीस वर्षांत पहिल्यांदा इतकी समजूतदार वागली. माझं तिला पटलेलं दिसतंय.

२४ मार्च
व्हर्नाने नाणं परस्पर पेट्रींना विकलं. एकाच तिकिटापुरते पैसे आले. आज गेली. सोडायला येतो म्हणालो, तर शेजारणीच्या गाडीतून गेली. माझं पेट्रोल वाचवलं. चार दिवसांसाठी हिवाळी कोट, उन्हाळी कपडे, आईवडिलांचा फोटो, शिवणयंत्र, सगळं घेऊन गेली. बायकांना सामान आवरतच नाही.
तिकीट फक्त जायचं काढलंय. परतीचं मेनमध्ये स्वस्त मिळत असणार.