माझ्यापुढची मान

२७ मे

पोचले एकदाची! आयोवातली कुठलीशी शाळा, जिमची फरशी, दीडशे पोरं आणि चालू नळ चार. यंदाचा माझा शेवटचा उन्हाळा. बावीस पूर्ण झाली की ड्रम कोअरवाले, म्हणजे ही गावोगाव फिरणारी ढोल-बिगुलांची पथकं, विचारत नाहीत.

आज ढोल वाटले. मोठे ढोल पाच, प्रत्येकाचा आवाज वेगळा. एकापाठोपाठ एक ठोका पडला पाहिजे, जणू एकच माणूस वाजवतोय. मला तिसरा. दुसरा थॅडला. झालं कल्याण! आम्ही ढोलवाले एकामागे एक उभे राहतो, म्हणजे अख्खा उन्हाळा माझ्या डोळ्यांपुढे थॅडची मान. लाल, सोललेली आणि कारण नसताना ताठ.

३ जून

बारा तास सराव. आम्हाला शिकवणारा लोव्हेल दिवसभरात चाळीस वेळा म्हणाला, "हे शेवटचं हं!" खोटारडा.

११ जून

थॅडचे आजोबा कोअरमध्ये होते. थॅडचे वडील कोअरमध्ये होते. हे आज तिसऱ्यांदा कळलं — पीनट बटर लावलेला पाव तोंडात असताना. "आमच्या घरात मधेच सोडून कुणी आलं नाही," म्हणे. मी म्हटलं, "अरे, मग तुझं कौतुक तरी कसलं? तुला घरी घेतलंच नसतं." सगळे हसले. तो नाही हसला.

१९ जून

ओमाहाचा स्पर्धेचा कार्यक्रम. गुण वाईट. बसमध्ये चढण्याआधी सगळ्यांदेखत थॅड लोव्हेलला म्हणतो, "तिसरा ढोल उशिरा येतोय."

तिसरा ढोल! नावसुद्धा नाही घेतलं मेल्याने. मी उशिरा येते? मी?? हाच पळतो पुढे, आजोबा मागे लागल्यासारखा.

६ जुलै

थॅड लंगडतोय. दुपारी स्टेडियमच्या पायऱ्या उतरताना बघितलं — कठडा धरून, एकेक पाय. मागे मी एकटीच होते. विचारलं तर म्हणाला, "नवे बूट आहेत." बूट मे महिन्यातलेच! लोव्हेल समोर आला की लगेच सरळ.

८ जुलै

पुन्हा तसाच लंगडला. मी लोव्हेलला जाऊन सांगितलं.

काळजीपोटी सांगितलं. इथे कोण वाचणार आहे? बरं, काळजीपोटी नाही सांगितलं. मैदानाबाहेर बसू दे त्याला आठवडाभर, बघू तिसरा ढोल कोणाला उशिरा वाटतो ते.

९ जुलै

आठवडा नाही. सगळा उन्हाळाच गेला. नडगीच्या हाडाला चीर. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडं ओढलं असतं तर मोडलंच असतं. त्याची आई गाडी घेऊन आली. पोरं रडली, गळ्यात पडली. त्याने ढोल स्वतः पुसून ठेवला. माझ्याकडे बघून मान हलवली फक्त. कळलं असेल का?

१४ जुलै

बदली माणूस नाही. "जागा रिकामी ठेवायची," लोव्हेल म्हणाला. त्यामुळे मी आता हवेच्या मागे चालते. चार ढोल आणि मधे एक भोक — टुलसाच्या प्रेक्षकांना शेवटच्या रांगेत ऐकू गेलं असेल.

आणि कहर म्हणजे मी उशिरा येते. खरंच येते! इतके दिवस त्याची मान बघून वाजवत होते, मान हलली की ठोका. आता मान नाही, तर हात कधी उचलायचा तेच कळेना.

२ ऑगस्ट

हाताखाली सरावाची रबरी तबकडी घेऊन एकटी बसते रोज. पाय आपटत, मोजत. ठोका थोडा जागेवर येतोय. थॅडला सांगायची सोय नाही.

९ ऑगस्ट

शेवटचा कार्यक्रम. सतरावे आलो. माझा एकही ठोका चुकला नाही. घोषणा झाली तेव्हा सगळे एकमेकांना धरून रडत होते. मी सवयीने समोर बघितलं. कोणी नव्हतं.

१३ ऑगस्ट

घरी. थॅडचं पत्र आलंय.

"तूच सांगितलंस ना? थँक्यू. बाकीचे माझे मित्र, मेले असते पण बोलले नसते. आणि मला स्वतःहून घरी जाता येत नव्हतं, तुला माहीतच आहे आमचं घर. दोन दिवस फक्त तुझ्यापुढेच लंगडलो. तुझ्याइतका माझा राग करणारं तिथे दुसरं कोणी नव्हतं."