कोऱ्या उत्तरपत्रिकेची टेस्ट

लातूर, मंगळवार संध्याकाळ

आज पहिल्यांदाच युनिट टेस्ट, म्हणजे प्रोग्राम बरोबर चालतो का ते तपासणारा छोटा कोड लिहिला, आणि ती लाल झाली, म्हणजे नापास. रागच आला. कोचिंग क्लासच्या निकालाचा प्रोग्राम मीच लिहिलाय, चालतोही नीट. मग लाल का?

टेस्ट साधी होती. प्रोग्राममध्ये एक नमुना उत्तरपत्रिका बनवायची, उत्तर एकही भरायचं नाही, गुण शून्य यायला हवेत. आले वजा! शेजारच्या टेबलावरचा इरफान हसला, "अगं, कोरा पेपर देतंय कोण?"

कुणीच नाही. पण त्या कोऱ्या पत्रिकेमुळंच कळलं, की सोडलेला प्रश्नही माझा प्रोग्राम चुकलेला धरून गुण कापतो. म्हणजे अंदाजे ठोकणारी पोरं वर, आणि येत नाही ते सोडणारी खाली?

तेवढ्यात क्लासचे सर निकाल न्यायला आले. यावरच बॅच ठरणार होत्या.

"सर, आज लावू नका. चुकलाय."

"पोरं खाली थांबून राहिलीत की!"

"थांबू द्या. चुकीच्या बॅचमध्ये वर्ष घालवण्यापेक्षा बरं."

सर वाट बघत खुर्चीत बसले.

दुरुस्ती एका ओळीची निघाली. टेस्ट हिरवी झाली. नव्या निकालात हदगावची एक मुलगी खालच्या बॅचमधून थेट वरच्या बॅचला गेली. तिला हे कधी कळणारही नाही.

सर गेल्यावर इरफाननं खुर्ची जवळ ओढली. "माझ्या हजेरीच्या प्रोग्रामला पण टेस्ट लिहायची हाय. दाखव."

दोघांनी मिळून लिहिली. तीही लाल आली, म्हणजे तिथलीही लपलेली चूक वेळेत सापडली, आणि आम्ही दोघंही लई खूश झालो.