शुक्रवारचं पहिलं पाणी

मिस्त्री, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा चेहरा आठवायचा म्हटलं तर आधी तुमची खाकी टोपी दिसते, आणि मग तिच्याखाली हळूहळू नाक-डोळे उमटतात. माणसावर रागवायचं तर तो नीट समोर दिसायला हवा, म्हणून सकाळपासून मुद्दाम तुम्हाला आठवत बसलोय. नातवाच्या अर्ध्या कोऱ्या वहीत हे लिहितो आहे. माझी शाळा सातवीत सुटली हे तुम्हाला माहीतच आहे, तेव्हा अक्षराला हसू नका. खरं तर आज कशालाच हसू नका.

गेल्या आठवड्यात मला पिरंगुटला बोलावणं आलं. आपल्या जुन्या कारखान्याच्या आसपास जेवढी शेडं आहेत, त्या सगळ्यांचा मिळून एक नकाशा करायला एक इंजिनिअर बाई आल्या आहेत. माझ्या मुलीपेक्षा लहान, पण शहाणी. एका कारखान्याचं टाकाऊ ते दुसऱ्याच्या कामाला कसं येईल, हे त्या शोधतात. फाउंड्रीची वाळू विटा पाडणाऱ्याला, फरसाणवाल्याचं जळकं तेल साबणवाल्याला, आणि आपल्या जुन्या शेडमध्ये आता जे युनिट चालतं त्याचं, आपल्यासारखंच अ‍ॅसिडची टाकी तापवून झालेल्या वाफेचं गरम पाणी पलीकडच्या लाँड्रीला. त्या लाँड्रीत हॉटेलांच्या चादरी धुतात आणि चौदा बायका कामाला आहेत. जुन्या पाइपबद्दल विचारायला माझ्याशिवाय कुणी उरलं नाही, म्हणून मी.

"काका, ही भिंतीतून जाणारी लाइन कोणी डिझाइन केली होती?" त्यांनी विचारलं.

"डिझाइन कसलं आलंय ताई! मिस्त्रींनी छिन्नी घेतली आन् भिंतीला भोक पाडलं. वाया जातंय पानी, बायांना द्या म्हनले."

त्या हसल्या. "तेच तर डिझाइन, काका. आम्ही त्यालाच आता औद्योगिक सहजीवन म्हणतो. तुमचे मिस्त्री आमच्या आधीच पास झाले."

मला केवढा अभिमान वाटला होता तेव्हा, तुमच्याबद्दल! पुढच्या दहा मिनिटांत त्याची माती झाली.

त्यांच्या कागदावर प्रत्येक शेडचं एक वर्तुळ होतं, आणि एका वर्तुळातून दुसऱ्यात जाणारे बाण. त्या म्हणाल्या की दोन्ही कारखाने आपापल्या जागी अगदी बरोबर चालले असले, तरी घोटाळा होतो तो बाणावर. इकडच्याला वाटतं, दिलं, संपलं. तिकडच्याला वाटतं, दिलंय म्हणजे चांगलंच असणार. म्हणून त्यांची एक रीत आहे. प्रत्येक बाणावर बोट ठेवायचं आणि तेच ते प्रश्न विचारायचे. जास्त आलं तर? कमी आलं तर? उलटं गेलं तर? भलतंच आलं तर? मी मजेत उत्तरं देत होतो. जास्त आलं तर गटारात सोडायचो. कमी आलं तर बाया शिव्या द्यायच्या. मग त्यांनी आपल्या पाइपावर बोट ठेवलं.

"अ‍ॅसिडच्या टाकीतली वाफेची कॉइल कधी गळली, तर या पाण्यात अ‍ॅसिड येणार. बॉयलर बंद राहिला, कॉइल थंड झाली, की ती अ‍ॅसिड आत ओढून घेते. आठवड्याच्या सुट्टीनंतरचं पहिलं पाणी सगळ्यात धोक्याचं. तेव्हा पाणी तपासायचं कोण?"

मिस्त्री, ते पहिलं पाणी म्हणजे आपलं शुक्रवारचं. आपली सुट्टी गुरुवारची. मला तुमची रोजची सकाळ दिसली. भिंतीजवळचा व्हॉल्व्ह, त्याच्या शेजारी तुम्ही लावलेलं जास्वंदीचं झाड, आणि तुमच्या हातातला काचेचा ग्लास. एक फूल गणपतीच्या तसबिरीला, आणि दुसऱ्याची पाकळी पाइपातून ग्लासात काढलेल्या गरम पाण्यात बोटांनी चुरगळायची. पाणी मळकट जांभळं व्हायचं. तुम्ही मान हलवायचात आणि व्हॉल्व्ह उघडायचात. आम्ही सगळे समजायचो, मिस्त्रींचा नेम आहे. देवाचं काहीतरी आहे.

तपासणी होती ती! शाळेत पोरं करतात ती. ताईंनीच सांगितलं, नंतर मी सहज झाडाचा विषय काढल्यावर. जास्वंद आम्लात गुलाबी होते, त्यांनी पाचवी-सहावीत कधीतरी केलंय म्हणे. पाचवी-सहावीच्या पोरांना सांगतात ते तुम्ही मला सात वर्षांत सांगितलं नाही. मी काही पोरगा नव्हतो, लग्न झालेला बाप्या होतो. तुमच्या हाताखाली बॉयलरवर कोळसा ओढला, नळ्या घासल्या, तुमच्या तापात तुमची पाळी भरली. विचारलं की तुमचं एकच: "इचारायचं न्हाई, बघायचं. इचारून कुनी मिस्त्री झालाय का?" आणि बघायला तरी कुठे दिलंत? शुक्रवारी सकाळी मात्र पाकळी पाण्यात टाकायच्या आत मला चहाला पिटाळायचात. परत यावं तर भिंतीकडेचं गटार वाफाळतंय आणि तुम्ही म्हणताय, "वाफ धरली न्हवती, उशीर झाला जरा." पाणी बिघडलं होतं म्हणून ओतून दिलंत, एवढं सांगायला काय जीभ झिजली असती? भीती होती ना तुम्हाला, की हे मला कळलं तर मालक तुम्हाला घरी बसवेल? सगळा कारखाना तुमच्या मुठीत, आणि मूठ उघडायची नाही. हीच मिस्त्री लोकांची रीत. मूठ तशीच मिटून तुम्ही गेलात. दवाखान्यात शेवटचं काय म्हणालात? "फूल इसरू नको." मी म्हटलं, न्हाई इसरत. मला वाटलं, गणपतीचं म्हणताय.

तुम्ही गेलात त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातला तो शुक्रवार. भिंतीपलीकडे तेव्हा बाटल्या धुण्याचं शेड होतं आणि तिथे माझी बायको कामाला होती. तुम्हीच तिथल्या मुकादमाला सांगून लावली होती ना? पहिल्या टबात नुसतं गरम पाणी, दुसऱ्यात तेच पाणी आणि धुण्याचा सोडा. ही पहिल्या टबावर. मी गणपतीला फूल वाहिलं, पाकळीबिकळीचं मला काही माहीत नव्हतं, आणि व्हॉल्व्ह उघडला. अर्ध्या तासात ओरडा ऐकू आला. दुसऱ्या टबात पाणी फसफसून वर येत होतं म्हणे, आणि बाया हसत होत्या, "आज फुकट सोडावॉटर हाय गं, प्या!" तेवढ्यात ही कोपरापर्यंत हात धरून खाली बसली. सगळ्यांनी ठरवलं, पाणी लई गरम होतं. मुकादम मला म्हणाला, "बायकोचं हात शिजवाय निघाला व्हय रे?" खोबरेल लावलं. कातडी सोलून निघाली, परत आली, पण डाव्या हाताची तीन बोटं कायमची आखडली. तिला भाकरी थापता येत नाही. कासारसाईची पोरगी, माहेरी दहा माणसांच्या भाकरी एकटीनं थापणारी. ती तेव्हापासून लाटण्यानं भाकरी लाटते, आणि ती तुटते. आणि मी, मिस्त्री, मी एवढी वर्षं ताटावर बसून तिला बोलतो. "ही भाकरी हाय का शेणी?" ती म्हणते, "माजीच चूक. घाईनं हात घातला मी. पानी बघायला पायजे व्हतं."

सोडा का फसफसला, हे तिनं मला तेव्हाच दोनदा विचारलं होतं. मी म्हटलं, तुला काय कळतंय.

ताईंना मी काय उत्तर दिलं ते सांगतो. म्हटलं, "तपासायचो की. रोज." तोंडातून निघून गेलं. एवढी शिकलेली पोर समोर बसलेली, तिला कसं सांगू की आम्ही फुलं वाहत होतो? त्यांनी लिहून घेतलं: पूर्वी रोज तपासणी, तक्रार नाही. आणि म्हणाल्या, "मग बरंच आहे, इथे दिवसातून एकदा माणसानं बघितलं तरी चालेल. अ‍ॅसिड आलं की आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह नको, खर्चिक आहे." तेव्हापासून मला झोप नाही. घरातून निघताना गॅसचं बटण तीनदा बघणारा माणूस मी. आता डोळे मिटले की चौदा बायकांचे हात दिसतात, चादरी धरलेले.

काल पुन्हा पिरंगुटला गेलो होतो. जुनी भिंत अर्धी पडली आहे, पण तुमचं झाड आहे. एक फूल खिशात घालून आणलं. आज दुपारी स्वयंपाकघरात ग्लासभर गरम पाणी घेतलं, पाकळी चुरगळली, मळकट जांभळं झालं. मग लिंबाचे चार थेंब पिळले. पाणी असं गुलाबी उजळलं, मिस्त्री, की मी ग्लास उजेडाला धरला. ही मागे उभी होती, मला कळलंच नाही.

"आगं बया, किती ग्वाड रंग आला वो! सरबत करताय व्हय?"

मी ग्लास मोरीत ओतला. ती म्हणाली, "म्हातारपणी येडं लागलं," आणि पीठ मळायला बसली, उजव्या हातानं.

उद्या शुक्रवार आहे. ताई दहा वाजता येणार आहेत. मी जाऊन सांगणार आहे की तपासणी नव्हती, एकदा अ‍ॅसिड गेलं, एका बाईचे हात गेले, तो व्हॉल्व्ह बसवा. हे मी ठरवलंय. हिला आधी सांगायचं की नंतर, हे अजून ठरत नाही. लाटण्याचा आवाज येतो आहे आणि मी वही पुढे घेऊन बसलोय.

आणि वर मी एक लिहिलंय, की पाकळीचं मला काही माहीत नव्हतं. ते खोडत नाही, पण ते खरं नाही. तुम्ही गेल्यावर मीही रोज पाकळी चुरगळत होतो, बापाचा नेम मुलानं पाळावा तसा. त्या शुक्रवारी ग्लासात हाच उजळ गुलाबी रंग आला होता. त्याआधी मी तो कधी पाहिला नव्हता. काहीतरी बिनसलंय असं वाटलं होतं. पलीकडे अ‍ॅसिडच्या टाकीवरचा सुपरवायझर उभा होता, वीस पावलांवर. जाऊन विचारावं असं मनात आलं होतं. पण तो हसला असता.