प्रेस मशीनचा प्रश्न

पुणे

अब्बा, सलाम.

लॉची प्रवेश परीक्षा काल झाली. पेपर चांगला गेलाय, प्रवेश मिळणारच. इथलं जेवणही आता जमतंय.

एक गोष्ट फोनवर बोलता आली नसती. पेपरात प्रश्न होता : मालकानं सुरक्षेची जाळी काढली आणि प्रेस मशीनमध्ये कामगाराची बोटं गेली, तर जबाबदार कोण? मला कुपवाडचा कारखाना दिसला, तिथल्या प्रेसची काढून ठेवलेली जाळी दिसली, तुमचा हात दिसला. सराव परीक्षेत अशाच प्रश्नाला मी रडत बसले होते. काल मात्र प्रश्नाच्या वर छापलेला कायद्याचा नियम दोनदा वाचला आणि 'मालक' हे उत्तर निवडलं.

हात अजून ठणकतो का? अम्मीकडून शेकून घेता ना?

कुणी विचारलं की तुम्ही म्हणता, "माझीच चूक हुती." आता तसं म्हणू नका, अब्बा.

तुमची रुखसार