कॉलनीचं मागचं गेट

२ सप्टें.
दाजींना डेंग्यू निघाला. त्यांच्या बँकेने हॉस्पिटलात वेगळी खोली दिलीय, खिडकीतून नदी दिसते, सकाळ-संध्याकाळ रक्त तपासतात. ताईने मला पपईची पानं आणायला पिटाळलं. पानांचा रस पाजला की रक्त सुधारतं म्हणे, आईने बार्शीहून फोनवर सांगितलं. अख्ख्या कॉलनीत शोभेची झाडं ढीगभर, पपई एक नाही. झुमादी भांडी घासत होती, ती म्हणाली, "हमारे घर के पास है. चलो." मागच्या गेटमधून बाहेर पडलं की समोरच तिची बस्ती. कोलकात्यात, गार्डन रीचला येऊन एवढे महिने झाले, तिकडे पाऊल टाकलं नव्हतं. आणि मी म्हणे फिरस्ता.

गल्ली एवढीशी की रिक्षा शिरत नाही. दारात झुमादीची पोरगी टुम्पा बसलेली, पहिलटकरीण, दिवस भरत आलेत. नवरा केरळात गवंडीकामाला. पायांना एवढी सूज की चपलेचा पट्टा रुतलाय. बी.पी. आहे. डॉक्टरने बजावलंय, डोकं दुखलं किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली की तडक मोठ्या हॉस्पिटलात. मी म्हटलं, तडक म्हणजे कसं? झुमादीने कॉलनीकडे बोट केलं. खुर्चीत बसवायचं, उचलायचं, कॉलनीतून पलीकडे, तिथे मेन रोड, टॅक्सी. बस्तीतलं आजारी माणूस असंच बाहेर पडतं. नाहीतर नाल्याच्या कडेकडेने, चिखलातून, भलता फेरा.

पानं दिली. पैसे घेतले नाहीत.

५ सप्टें.
मच्छरवाले आले. कॉर्पोरेशनचे. कॉलनीच्या पुढच्या गेटवर चहा प्यायले, कॉलनीचे सेक्रेटरी चॅटर्जीबाबू, त्यांनी "इथे सगळं क्लीन आहे" म्हणून तिथूनच परत पाठवले. मग बस्तीत घुसले आणि बायकांचे ड्रम, बादल्या, हंडे सगळे लाथेने उलटे केले. तिथे नळ सकाळी थोडा वेळ येतो. रांगा लावून भरलेलं पाणी गटारात. एक म्हातारी शिव्या देत होती, भाषा कळली नाही, शिव्या कळल्या.

माझ्या शेजारी उभा एकजण म्हणाला, "क्या देखता है? सिनेमा है?" बरोबर बोलला.

८ सप्टें.
दाजी घरी. अशक्त आहेत पण जीभ शाबूत. गॅलरीत बसून फोनवर: "त्या लोकांच्या सवयीच घाणेरड्या, पाणी साठवतात, डास आमच्याकडे येतात." डास गेटपास काढून येतात जणू. संध्याकाळी चॅटर्जीबाबू भेटायला आले, संदेश मिठाईचा डबा घेऊन. "ओरा खूब नोंगरा," म्हणाले. दाजींना बंगाली येत नाही पण लगेच "हो ना, घाणेरडेच" म्हणाले. दोघांनी मिळून ठरवलं, मागचं गेट बंद. प्रत्येक घराला एक किल्ली. बस्तीला नाही. भिंतीवर काचा.

मी टुम्पाचं सांगितलं. दाजी म्हणाले, "आले आमचे बारावी नापास डॉक्टर."

१० सप्टें.
घरात बसवेना. बागबाजारला गेलो, उगाच. आधी सियालदहला उतरून कोबीचे ट्रक बघत बसलो, का ते विचारू नये. चहाच्या टपरीवर एक आजोबा, मराठी आहे कळल्यावर कपाळाला हात: "ओरे बाबा, बर्गी!" बर्गी म्हणजे बंगाल लुटायला आलेले मराठे स्वार. इथूनच म्हणे खंदक सुरू व्हायचा, मराठे शहरात घुसू नयेत म्हणून खणलेला. सगळी टपरी हसली. मीही हसलो. चहाचे पैसे त्यांनीच दिले, वर म्हणाले, "लूटना मत."

दाजींना सांगावं म्हटलं. नको. खंदकाची आयडिया आवडेल त्यांना.

आल्यावर बघतो तर गेटला कुलूप.

११ सप्टें.
आंघोळीला गेलो. बाथरूममध्ये ताईचा निळा ड्रम असतो. इथे नळ दिवसभर धो धो, तरी ती ड्रम भरून ठेवते. बार्शीत पाणी चार-पाच दिवसांनी यायचं, ती सवय अंगातून जात नाही. पाहुणा आला की पहिला प्रश्न, पाणी भरलं का. वापरत कुणीच नाही त्या ड्रममधलं. आज शॉवरमधून पाणी येईना म्हणून तांब्या घातला. वर आला तो वळवळणाऱ्या आळ्या घेऊन.

ताईला हाक मारली. बघत राहिली. पांढरी पडली.
"मीच आजारी पाडलं का रे ह्यांना?"
मग ड्रम आडवा केला, ब्लीचिंग टाकून घासला, पदराने घाम पुसला. तोवर सूर बदललेला.
"झुमाच झाकण उघडं टाकत असणार. तिला काय पडलंय."
झुमादी त्या ड्रमला हातसुद्धा लावत नाही. ताईच लावू देत नाही.
"दाजींना बोललास तर याद राख."

१४ सप्टें.
बोललो. दाजींना नाही, सगळ्यांसमोरच. कॉलनीच्या हॉलमध्ये मीटिंग, सिंगाडे म्हणजे इथले सामोसे, चहा. भिंतीवर काचा किती उंच, ह्यावर चर्चा चाललेली. मी उभा राहून म्हटलं, आळ्या आमच्या बाथरूममध्ये होत्या, बस्तीत कशाला शोधता, गेट उघडा. दाजींचा चेहरा... सोड. मला वाटलं जिंकलो.

चॅटर्जीबाबूंनी कप खाली ठेवला. "व्हेरी ऑनेस्ट बॉय. पण घरात पाणी कोण भरतं? कामवाली. कामवाली कुठून येते?" झालं. सगळ्यांच्या माना हलल्या.

घरी आल्यावर ताईने झुमादीला फोन केला, उद्यापासून येऊ नको. ती काम करायची त्या बाकीच्या घरांनीही केला. माझं शनिवारचं तिकीट निघालंय, हावडा ते सोलापूर. दाजी म्हणाले, "पश्या, तुला सांभाळणं माझ्याच्याने होत नाही." कधी सांभाळलं होतं?

१७ सप्टें.
नाल्याच्या बाजूने गेलो. पँट गुडघ्यापर्यंत बरबटली. एका ठिकाणी घसरलो. खुर्ची उचलून माणसं इथून कशी जातील?

झुमादीने आत घेतलं नाही. "तुमको कौन बोला था बोलने को?"
"सच बोला मैंने."
"हाँ. सच तुम्हारा, नौकरी हमारा."
आत टुम्पा पडून होती, डोक्याला ओढणी घट्ट बांधून. म्हटलं, डोकं दुखतंय का, मग आत्ताच न्या. झुमादी म्हणाली, कालच ओपीडीत नेलं होतं, गोळ्या देऊन परत पाठवलं. रोज न्यायला पैसे आणि माणसं कुठून आणू, आणि कुठल्या गेटने? "तुम लोग का गेट से?" दार लावलं.

तुम लोग. त्यात मीपण.

१९ सप्टें.
दुपारी आरडाओरडा. टुम्पाला झटके आले. बस्तीतल्या चौघांनी तिला खुर्चीला साडीने बांधून गेटपर्यंत आणलेली. वॉचमन म्हणतो, "साहब का ऑर्डर." त्याच्याकडे किल्लीच नाही. मी घरी धावलो. किल्ली ताईच्या हातात होती. हातात! म्हणाली, "थांब, ह्यांना विचारते." दाजींचा फोन एंगेज. परत लावला, एंगेज. मी ओरडलो, ताई, दे. ती रडतेय आणि फोन लावतेय. ह्यांना न विचारता तिने आजवर पडदेसुद्धा घेतले नाहीत.

शेवटी किल्ली अक्षरशः फेकली माझ्याकडे. गेट उघडलं. समोर कुणी नाही. चिखलात पावलं, नाल्याच्या दिशेने.

२० सप्टें.
सियालदहजवळचं मोठं हॉस्पिटल. पहिल्या हॉस्पिटलने बेड नाही म्हणून इकडे पाठवलं. पायरीवर बसून लिहितोय. मुलगी झाली, पोट फाडून काढली, काचेच्या पेटीत आहे. टुम्पा शुद्धीवर नाही. किडनीचं काहीतरी म्हणतायत.

गाडी आज दुपारची. दाजींचे फोन येतायत. उचलत नाही.

झुमादी दोन पायऱ्या वर बसलीय. चहा नेऊन दिला, तिने शेजारच्या बाईला दिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मर गया तो कॉलनी में जाके बोलना. मच्छर से मरा."


आत्ता माइकवर टुम्पाच्या घरच्यांना बोलावलं. एकालाच आत सोडतात. झुमादी उठली, पदर तोंडाला लावला, गेली.

दारातून एकेक माणसं बाहेर येतायत. ती अजून नाही.