बाळाच्या वतीने

प्रिय आईस, जय येसू.

मी बरा आहे, डबाही चांगला मिळतो. तुझा गुडघा कसा आहे?

तू ज्याच्यासाठी शेंगदाण्याची चटणी पाठवायचीस, त्या शांतवनच्या मुलीचा रविवारी बाप्तिस्मा झाला. तो काविळीने गेल्यावर ती जन्मली. रूथवहिनींनी मलाच धर्मपिता व्हायला सांगितले.

मी म्हणालो, "वहिनी, तो गेल्यापासून मला प्रार्थना होत नाही. दुसरं कुणी बघा."

"मला तरी कुठं होते, भाऊजी? पण तिच्यासाठी कुणीतरी उभं राहायला नको का?"

धर्मपित्याने बाळाच्या वतीने उत्तर द्यायचे असते. मी उत्तरे पाठ केली होती. तरी फादरांनी "देवावर विश्वास ठेवता का?" असे विचारले, तेव्हा माझा आवाज फुटेना. फादर थांबले. वहिनींनी मान खाली घातली. ते बघवेना, म्हणून मी "होय, ठेवतो" म्हणालो.

हे खोटे बोलणे झाले का, आई? बाबा गेल्यावरही तू मला रोज जपमाळेला बसवायचीस. तेव्हा तुझा विश्वास उरला होता, की फक्त माझ्यासाठी म्हणायचीस? रागावू नकोस. खरे काय ते कळव.

तुझा,
सुमंत