सहा बाटल्यांना गूळ-पाणी दिल्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष, चौकशी समिती,
जैवतंत्रज्ञान विभाग,
आपलं महाविद्यालय, सांगली.

अर्जदार : शालूबाई आकाराम देवकर, वय ७६, रा. विटा, जि. सांगली.

विषय : माझी नात संयोगिता हिनं खोटी आकडेवारी केली न्हाई, घोळ मी केला, हे खरं मानण्याबाबत.

संदर्भ : संयोगिताला आलेलं आपलं पत्र, दि. १८ मार्च २०२५.

महोदय,

वरील विषयास अनुसरून अर्ज करते की,

१. दि. २ मार्च, रविवारी मी नातीसंगट आपल्या प्रयोगशाळेत आल्ते. टेबलावर यीस्टच्या सहा बाटल्या व्हत्या. ही काय खात्यात, असं मी इचारलं. ती म्हणाली, आज उपाशी ठेवल्यात, उद्या देणार, आन् खाली झेरॉक्सला गेली. ऊन मरणाचं. आमच्यात दारात आलेल्याला गूळ-पाणी दिल्याबिगर बसवत न्हाईत, आन् ह्यो तर जिता जीव. माझ्या पिशवीत गुळाचा खडा कायम असतोय. तांब्यात विरघळवला, कापसाची बुचं काढली आन् सहाच्या सहा बाटल्यांत घोटघोट घातला. एकीला दिलं आन् दुसरीला न्हाई, असला दुजाभाव मी सुनांतबी केला न्हाई. घटकाभरात बुडबुडे आले. मला वाटलं, तृप्त झाली.

२. मागनं कळलं ते असं. त्या यीस्टात एक कळ हाय, तिला आपण प्रमोटर म्हंता. दुधातनं निघणारी एक साखर दिली की कळ चालू, साधी साखर नाहीतर गूळ लागला की बंद. चालू झाली की यीस्ट आतल्या आत एक चिठ्ठी लिहितंय. संयोगितानं केलेल्या बारक्या पट्टीवर, तिला चिप म्हंत्यात, लोखंडाचे मणी हायत, पिठापरास बारीक. मण्याला चिकटलेला धागा तेवढीच चिठ्ठी धरतोय, आन् चुंबक लावला की मणी चिठ्ठीसकट कडंला येत्यात. मला हे लगेच उमगलं, कारण आमचे मालक गलाईवाले, सोनं गाळणारे. सोन्याच्या किसातनं चुंबकानं लोखंड काढून टाकायचे. हितं लोखंडच ऐवज घेऊन येतंय. पण माझ्या गुळानं कळ बंद पडली आन् मंगळवारी, दि. ४ ला, समितीम्होरं प्रयोग दाखवताना सगळे मणी आले ते रिकामे.

३. त्यावरनं आपण लिहिलंय की आधीची तीन वर्सांची आकडेवारी तिनं मनानंच रचली. महोदय, रचायचं काम घरात माझ्याकडं हाय. ती लहानपणी भातुकलीतबी खरं मीठ मोजून घालायची.

४. पत्र आलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी आपल्याकडं येऊन सगळं कबूल केलं. आपण हसला आन् म्हणाला, "आजी, वाघाची गोष्ट यापेक्षा बरी होती." आपला दोष न्हाई. महाबळेश्वरचा वाघ स्ट्रॉबेरीवर साय मागतोय, हे मीच मागं एकदा आपल्याला चहा पिताना सांगितलं. जतला मेंढरांनी पाण्याचा टँकर रिकामा केला आन् ड्रायव्हरचे कन्नडात आभार मानले, हेबी मीच. (टँकर खरा हाय, पण तो या अर्जाचा विषय न्हाई.) शिपाई गुंडा यास साक्षीला बोलवावं म्हटलं, तर त्यो अजून त्या वाघाचंच इचारतोय. कॅमेऱ्यात माझी नुसती पाठ दिसती. तांब्या मी घासून ठिवला. सवय.

५. नव्या बाटल्या लावून, निम्म्यांना गूळ घालून बघा, असं मी ऑफिसात सांगितलं. ते म्हणाले, दुसरी संधी नियमात न्हाई.

६. आपल्याला खरं वाटलं न्हाई, ते मी सोसलं. पण संयोगितालाबी वाटंना. तिनं माझा हात धरला आन् म्हणाली, "आज्जी, माझ्यासाठी आता आणि एक खोटं नको." तिला वाटतंय, चूक तिच्याच हातनं झाली. कुठं झाली ते सापडंना, म्हणून वह्या उघडून बसती, ताट तसंच ऱ्हातं. जन्मभर ज्या तोंडानं माणसं हसवली, त्या तोंडानं मला घरच्या पोरीला एक खरं सांगाय येईना.

तरी नियमात न्हाई ते एकदा करावं. मला समितीम्होरं उभी करा. मी एक शब्द बोलणार न्हाई, नुसता गूळ घालून दाखवीन. संयोगिताला तेवढं बघू द्या.

आपली, या कागदापुरतं तरी पटवून घ्या म्हणणारी,

शालूबाई आकाराम देवकर
विटा, दि. २४ मार्च २०२५

सोबत : बंद पाकीट, एक. त्यात संयोगितानं संशोधनातनं स्वतःचं नाव काढून घ्यायला लिहिलेला अर्ज हाय. पोस्टात टाक म्हणून चार दिवसांमागं माझ्याकडं दिलावता. टाकला म्हणून मी तिला सांगितलंय. माझा अर्ज खरा वाटला तर ते उघडू नका.